माझ्या हृदयाचा निकाल

लातूर, १४ जून २०१९

सौ. चंद्रप्रभाताईस,
राघवेंद्रचा साष्टांग नमस्कार. इकडे एक हृदय सोडलं तर सर्व क्षेम आहे. नांदेडला तुझे गुडघे आणि भावजींचा राग कसा आहे ते कळवावे. फोनवर तू लगेच रडतेस आणि माझं म्हणणं अर्धंच राहतं, म्हणून हे पत्र.

माझ्या हृदयाला जन्मतः भोक होतं आणि फुप्फुसाकडची वाट अरुंद, हे तुला माहीतच आहे. सहाव्या वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी ते शिवलं आणि बाबांना सांगितलं की पोरगा विशी गाठेल तरी पुष्कळ. मी आता एकेचाळीस वर्षांचा आहे. (ती फाइल त्र्याण्णवच्या भूकंपात घरासोबत गाडली गेली, त्यामुळे मी कधी मरायला हवं होतं याचा लेखी पुरावा उरलेला नाही.) तर गेल्या आठवड्यात क्लासमध्ये फळ्यावर हृदयाचं चित्र काढताना चक्कर येऊन पडलो. मुलांना वाटलं, सर प्रात्यक्षिक देताहेत.

मग एमआरआय. त्या नळीत पडल्या पडल्या मी तंत्रज्ञ बालाजीला उजवा कप्पा नीट बघायला सांगत होतो. शेवटी तो म्हणाला, "सर, तुम्ही लई बोलून राहिले. दम धरा म्हणलं की धरायचा, शिकवायचं न्हाई."

डॉक्टर निघाली आपली अपूर्वा, माझी जुनी विद्यार्थिनी. चित्रं दाखवून म्हणाली, झडप गळतेय, उजवा कप्पा फुगलाय. आत्ता झडप बदलली तर पुढची वर्षं बरी जातील, थांबलात तर उशीर होईल. मी ठणकावलं की मला भाकितं सांगू नकोस, विशीचं भाकीत मी दुप्पट जगून मोडलंय. तिनं भिंतीकडे बोट केलं. पदवीशेजारी चौकटीत एक चिठ्ठी. (दर मार्चमध्ये मी प्रत्येक मुलाला त्याच्या निकालाचा अंदाज लिहून देतो.) अक्षर माझंच: 'मेडिकल होणार नाही. बी.एस्सी. करावी.'

"सर, ही वाचून मी जिद्दीनं अभ्यास केला, म्हणून चुकली तुमची चिठ्ठी," ती म्हणाली. "आता माझं भाकीत चुकवायला तुम्ही काय करून राहिलात?"

मी काही हरलो नाही. ऑपरेशन करणार नाही, असं सांगून तडक निघून आलो. नवीन बॅच सुरू होतेय, इथं मरायला कोणाला वेळ आहे.

तुझा हट्टी भाऊ,
राघवेंद्र

ता.क. ऑपरेशन आठ जुलैला, हैदराबादला. बॅच शेषेराव सर घेतील. (ते हृदय भोपळ्यासारखं काढतात.)

आणखी एक ता.क. घरच्या माणसाची सही लागते. मोकळी हवा मिळावी म्हणून बाबा मला अंगणात झोपवायचे आणि सोबतीला तुला. भूकंपाच्या रात्रीही आपण अंगणात होतो, आई-बाबा आत होते. तू माझ्या हृदयामुळे वाचलीस, हे उपकार मी पंचवीस वर्षांत एकदाही काढले नाहीत. आज काढतो. मला भीती वाटते आहे, ताई. सोबतीला ये.