तपासणीच्या खोलीचे दार, एक नग

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी,
तालुका आरोग्य कार्यालय, रणकांठा (कच्छ)

विषय : प्राथमिक आरोग्य केंद्र, मोटी झांखर येथील तपासणीच्या खोलीस दार मिळणेबाबत (अर्ज पाचवा).

संदर्भ : आपले दि. २६ एप्रिलचे पत्र, शेरा "दार अस्तित्वात असल्याने मागणी निकाली."

महोदय,

अर्जदार त्रिकम हमीर छांगा, वय ७१, निवृत्त तलाटी, राहणार मोटी झांखर, सविनय सादर करतो की, एकतीस वर्षे अर्जदाराने लोकांचे अर्ज निकाली काढले. "सदर बाब कार्यकक्षेत येत नाही" हे वाक्य त्याने इतक्या वेळा लिहिले आहे की ते झोपेतही त्याच्या हातून उतरेल. तेव्हा आपल्या शेऱ्याचा त्याला राग नाही. पेरावे तसे उगवते. परंतु यात त्याच्या सुनेचा जीव जात आहे, म्हणून पुन्हा तसदी देत आहे.

१. दाराची हकीकत अशी. गेल्या श्रावणात वाघजी रबारी उंटावरून पडला आणि त्याची कंबर मोडली. केंद्रात स्ट्रेचर नव्हते. डॉ. जोबनपुत्रा यांनी तपासणीच्या खोलीचे दार बिजागऱ्यांतून उचकटून त्यावर वाघजीला निजवले. दार वाघजीसह रुग्णवाहिकेतून जिल्ह्याला गेले. वाघजी परत आला, दार आले नाही. नोंदवहीत मात्र ते "दार, एक नग, सुस्थितीत" असे आजही आहे. आपले म्हणणे, असलेल्या दाराऐवजी दुसरे देता येत नाही. आणि नोंद कमी करायची तर जुने दार, मोडके का असेना, समक्ष हजर करावे. मध्यंतरी गावाने मावजी सुताराकडून बाभळीचे दार करवून बसवले. ते आपल्या कार्यालयाच्या तपासणीच्या वेळी "विनामंजुरी" म्हणून उतरवून नेण्यात आले. त्याची पोचही गावाकडे आहे.

२. दारावाचून काय अडते, असे आपण विचाराल. पडदा लावून पाहिला, चांगला जाड गोधडीचा. पण पडदा डोळे अडवतो, कान अडवत नाही. या भागात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, आणि गावातला प्रत्येक म्हातारा तिचा सासराच. केंद्रात सावलीचा बाक एक, तोही त्या चौकटीला लागून. त्यावर रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी अर्जदारासह सगळे सासरे बसलेले. नर्सबेनची जागा दोन वर्षे रिकामी. डॉक्टर विचारतात, "काय होतंय, बेन?" सून डोक्याला हात लावते. परिणामी गेल्या नऊ महिन्यांत या गावच्या सुनांना डोकेदुखीखेरीज एकही आजार झालेला नाही. डोकेदुखीच्या गोळ्या तिप्पट का लागतात, असा खुलासा आपल्याच कार्यालयाने डॉक्टरांकडे मागितला आहे.

अर्जदाराने म्हाताऱ्यांना बाकावरून उठवूनही पाहिले. भचु बापा म्हणाले, "त्रिकम, तुझ्या सुनेला बोलता यावं म्हणून आम्ही उन्हात भाजून मरायचं होय रे? आणि मेलो तरी सासरेच राहू की!"

३. आता सुनेविषयी. नाव राजी, वय ३९. मुलगा शामजी मिठाचा ट्रक चालवतो, महिन्यातून दोन दिवस घरी असतो. अर्जदाराची पत्नी हयात नाही. घरात अर्जदार, राजी आणि भूरी नावाची म्हैस. एकवीस वर्षांत अर्जदाराने राजीचा आवाज ऐकला नव्हता. तिला काही सांगायचे तर तो म्हशीला सांगतो, "भूरी, आज भाकरीला उशीर झाला तरी चालेल हं, जरा पड." लेकी बोले सुने लागे म्हणतात, अर्जदाराची लेक सासरी गेल्यापासून ते काम म्हशीकडे आहे.

होळीपासून राजी सुकत चालली आहे. ताट ठेवताना मनगटातल्या बांगड्या कोपराकडे घसरतात. नखे पांढरीफटक. दिवसातून तीनतीनदा ती धुण्याचा पिळा घेऊन एकटीच तळ्यावर जाते. याविषयी सासऱ्याने लिहू नये. अर्जदार लिहीत आहे. डॉक्टरांनी तिचे रक्त तपासले, हिमोग्लोबिन पाचावर आले आहे. ते अर्जदाराला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, रक्त कुठून तरी जातंय. कधीपासून, किती, दुखतं का, एवढं तिनं सांगितलं तर मी जिल्ह्याला नीट चिठ्ठी देईन. नाहीतर तिथंही डोकेदुखीच लिहून परत पाठवतील. माझ्याकडे रोज एकशे वीस माणसं, एकेकाला दोन मिनिटं. मला जास्त नकोत. तीच दोन मिनिटं दाराआड मिळू द्या."

डॉक्टर घरीही येऊन गेले. अर्जदार शेतावर निघून गेला होता, पण डॉक्टरांच्या मागून अर्धी गल्ली अंगणात जमली. पुढे अर्जदाराची मुलगी डाही माहेरी आली, तिने खोदून खोदून विचारले. तिला भाभी एवढेच म्हणाली, "डॉक्टरांनाच सांगीन. दार लागू दे."

४. गेल्या गुरुवारी दुपारी अर्जदार ओसरीत बसला असता आतून आवाज आला, "बापा, पाणी." हा आवाज कोणाचा, हे कळायला अर्जदाराला क्षणभर वेळ लागला. बारीक आवाज आहे, गोड आहे. राजी चुलीपाशी पडली होती. जी बाई जीव गेला तरी लाज मोडणार नाही तिने ती मोडली, हे ध्यानात येऊन अर्जदार तांब्या घेऊन धावला. त्याने मान फिरवून पाणी दिले, तिने पडल्या पडल्या पदर पुढे ओढला. तसेच तिला मावजीच्या बैलगाडीत घालून केंद्रात नेले. बाकावर भचु बापा व आणखी सहा सासरे होते. डॉक्टरांनी विचारले. तिने डोक्याला हात लावला.

५. सबब विनंती की, आपणास जुने दार समक्ष हवे आहे, ते अर्जदार आणत आहे. त्याने आपल्या घराचे पुढचे दार काढले आहे. सागवानी आहे, कडी आतून आहे, माप मावजीने पडताळले आहे. हेच केंद्राचे हरवलेले दार होय, असे अर्जदार शपथेवर लिहून देत आहे. शपथ खोटी आहे. एकतीस वर्षांत अर्जदाराने एकही खोटी नोंद केली नाही, ही पहिली. हवा तर मागाहून गुन्हा दाखल करावा, अर्जदार कुठे पळून जात नाही. पण दार बसू द्यावे, म्हणजे आपली नोंदवहीही खरी होईल. अर्जदाराच्या घराला दार नसले तरी अडणार नाही. तिथे कोणी बोलत नाही.

हेही नियमात बसत नसेल तर गुरुवार, दि. १७ मे, सकाळी दहा ते दहा वाजून दोन मिनिटे एवढ्यापुरते तरी बसू द्यावे. तेवढा वेळ आपल्या कार्यालयाकडून कोणी तपासणीस येऊ नये. अर्जदार तेव्हा वेशीबाहेर उभा राहील. ती काय बोलली हे त्याला कळवू नये. ती बोलली, एवढे कळवावे.

आपला नम्र व घाबरलेला,

(सही)
त्रिकम हमीर छांगा
मोटी झांखर, दि. १४ मे २०१८

सोबत :
१. शपथपत्र.
२. रक्ततपासणीची चिठ्ठी.
३. दार, एक नग, सुस्थितीत. कार्यालयाच्या आवारात बैलगाडीत ठेवले आहे. पोच मिळेपर्यंत अर्जदार गाडीजवळ बसून आहे.