हितेशचे उपसर्ग आणि माझ्या बरगड्या

३ मार्च, सोमवार
आजपासून हितेशची शिकवणी. मुलगा नावड्याचा, आमच्या कामोठ्याच्या जिममध्ये ट्रेनर. रविवारी सर्टिफिकेटची तोंडी परीक्षा. शरीररचनेत दोनदा नापास. तिसऱ्यांदा झाला, तर मालकीण वैजयंती मॅडम त्याला काढणार. म्हणतो, "सर, पाठ केलेला डोक्यान रेत नाय." मी, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, त्याला सांगितले की उपसर्गाचे मूळ कळले की पाठांतराची गरजच उरत नाही. रविवारी तो पास होणार. प्रश्नच नाही.

४ मार्च
'एपि': ग्रीक, अर्थ 'वर', आपल्या 'अपि'चा सख्खा भाऊ. 'एपिगॅस्ट्रिक' म्हणजे जठरावरचा भाग. हितेश म्हणाला, "नक्की कंचा?" हात ठेवून दाखव, म्हणालो. त्याने मूठ ठेवली. वेगाने. बराच वेळ मला श्वास मिळेना. परंतु शब्द त्याच्या कायमचा लक्षात राहिला. नवी अध्यापनपद्धती सापडली!

५ मार्च
'पेरि' म्हणजे सभोवार, संस्कृत 'परि'. 'पेरिऑर्बिटल': डोळ्याच्या खोबणीभोवतीचा. एका ठोशात पाठ. वर्तुळ निळे आणि भूमितीदृष्ट्या निर्दोष. शुभदा म्हणाली, "अहो, शिकवताय की मार खाताय?" संशोधकाला बायकोचे पाठबळ नसतेच.

६ मार्च
'हायपो': आपला 'उप'. खाली. 'हायपोगॅस्ट्रिक', बेंबीखालचा. हा उपसर्ग फळ्यावर शिकवला.

७ मार्च, दुपारी
'इंटर': लॅटिन, आपला 'अंतर्'. 'इंटरकोस्टल', दोन बरगड्यांमधला. मुठीला ती जागा सापडेना, म्हणून हितेशने कोपर वापरले. कल्पक विद्यार्थी. एक्स-रेत दोन बरगड्या मोडलेल्या. डॉक्टरांनी कारण विचारले. मी व्युत्पत्ती सांगितली. त्यांनी शुभदाला बाहेर बोलावले.

९ मार्च, रविवार, संध्याकाळी
परीक्षकांचा पहिलाच प्रश्न: एपिगॅस्ट्रिक भाग कुठे, दाखवा. हितेशने दाखवला. परीक्षकांवर. ते खुर्चीसकट भिंतीपर्यंत गेले. उत्तर अचूक होते, याची नोंद कुणीही घेतली नाही. हितेश नापास. मॅडमनी फोनवरच नोकरीवरून काढले. कोणी शिकवले, असे विचारल्यावर म्हणे, यूट्यूबवर पाहिले! माझे नाव नाही! तो आमच्या जिन्यात आला, तेव्हा मी जाब विचारला. "सर, तुमचा नाव घेतला असता तर पोलीस तुमचे दारान आले असते," एवढेच म्हणाला, आणि पायरीवर बसून रडू लागला.
बरगड्या धरून शेजारी बसलो. अश्रुग्रंथीच्या लॅटिन नावाचे मूळ मला ठाऊक आहे.
सांगितले नाही.