नाइन्थ फर्नेसचा गायक

टिप्टन, ६ मार्च २०११

प्रिय रोलंडकाका,
सा. न. वि. वि.

मी लॉर्ना, ट्रेव्हरची मुलगी. तुम्ही कॅनडाला गेलात तेव्हा मी पाळण्यात होते, म्हणून ओळख सांगावी लागते. गेल्या वर्षी बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढावं लागलं. आता ते वहीत लिहून बोलतात; टोमणे मात्र सुटलेले नाहीत. परवा माझा मटणाचा रस्सा चाखून लिहिलं, की घसा घेतला तशी डॉक्टरांनी जीभही घ्यायला हवी होती.

पत्राचं कारण वेगळंच आहे. मागच्या आठवड्यात स्वीडनहून एक तरुण दारात उभा राहिला. तुमच्या नाइन्थ फर्नेस बँडची जुनी रेकॉर्ड त्याला कुठल्याशा बाजारात मिळाली म्हणे. इतका दणदणीत हेवी मेटल बँड लोकांच्या नजरेतून सुटलाच कसा, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. त्याला ती रेकॉर्ड नव्याने काढायची आहे. तिघांच्या सह्या झाल्या, फक्त तुमची राहिली. त्याने दिलेली सीडीही सोबत पाठवते. काका, बाबा गात होते हेच मला ठाऊक नव्हतं. घरात त्यांनी कधी शीळसुद्धा घातली नाही.

लोभ असू द्या.
तुमची पुतणी,
लॉर्ना


हॅमिल्टन, २१ मार्च

प्रिय लॉर्ना,
अनेक आशीर्वाद.

ट्रेव्हरच्या दुखण्याची बातमी वाचून दिवसभर काही सुचलं नाही. पण सही मागू नकोस. माझी तेवढी लायकी नाही.

रेकॉर्ड निघाली त्याच वर्षी आम्हाला एका मोठ्या बँडच्या आधी वाजवायला मिळालं. अकरा गावं. निघायच्या आठवड्यात तुझ्या बाबांच्या घशातून रक्त आलं. डॉक्टरांनी तीन महिने बोलायचीही बंदी केली. मी त्याला न सांगता वेन्सबरीचा मेल्विन गायक म्हणून घेतला आणि गेलो. माझा सख्खा भाऊ अंथरुणात, आणि मी त्याचीच गाणी दुसऱ्याच्या गळ्यातून वाजवत होतो. परत आल्यावर त्याचं दार ठोठावलं. उघडलं नाही. मी कामाला होतो ती लोखंड ओतायची फाउंड्री बंद पडली होतीच. मी इकडच्या पोलाद कारखान्यात आलो. गिटार पुन्हा हातात धरली नाही. सीडीचं पाकीट उघडलेलं नाही.

बाबांना जप.
रोलंडकाका


टिप्टन, २ एप्रिल

रोली,

लॉर्नाने तुझं पत्र मला दाखवलं. माझी पोर माझ्यासारखी नाही. तिच्या पोटात काही राहत नाही.

गाढवा, मेल्विन तुमच्या गाडीत चढण्याआधी तीन दुपारी माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. तुझ्या जागी गाऊ का, असं त्यानेच येऊन विचारलं. शब्द मी लिहून दिले. श्वास कुठे घ्यायचा ते टेबल वाजवून शिकवलं. तुला कळू द्यायचं नाही, असंही मीच त्याला बजावलं. कळलं असतं तर तू गेला नसतास, आणि चौघंही घरी बसले असते.

राग आला नाही असं मात्र म्हणणार नाही. तुम्ही माझ्यावाचून अकराही गावांत वाजवलंत, एकही चुकवलं नाहीत, ते मला सोसलं नाही. तू दार ठोठावत होतास तेव्हा मी दाराच्या आतच उभा होतो. बोलायची बंदी होती, आणि नुसतं तोंड दाखवायचं धैर्य नव्हतं. उद्या उघडू म्हटलं. तू चौथ्या दिवशी गेलास. पत्र लिहायला मला कुणी बंदी केली नव्हती, तरी तीस वर्षं लिहिलं नाही. ही चूक तुझी नव्हे.

सही कर. आणि सही घेऊन स्वतः ये. टपालावर माझा भरवसा नाही.

ट्रेव्हर


हॅमिल्टन, १४ एप्रिल

प्रिय ट्रेव्हर,
सप्रेम नमस्कार.

पत्र चार वेळा वाचलं. एकोणीस मेला बर्मिंगहॅमला उतरतो. माझी बायको नोरीनही येते आहे.

काल पाकीट फोडलं. नोरीन विणत बसली होती. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तिला एवढंच माहीत, की इंग्लंडमध्ये मला एक भाऊ आहे आणि त्याचा विषय काढायचा नाही. पहिलं गाणं सुरू झालं, तुझा आवाज वर चढला, तशी तिने विणकाम खाली ठेवलं. गाणं संपल्यावर विचारलं, की हा कोण गातोय.

मी म्हटलं, माझा मोठा भाऊ. आणि मग तिला सगळं पहिल्यापासून सांगायला बसलो.

तुझाच,
रोली