मशीनमधलं कुंकू

नागपूर,
कार्तिक, १९७८

प्रिय मधुसूदनराव,

सप्रेम नमस्कार. तुमची पाठदुखी कमी झाली असावी, वहिनी बऱ्या असाव्यात. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

आपली भोकं पाडलेली कार्डं परत मिळाली. तुमच्या मुंबईच्या संस्थेतला कॉम्प्युटर ती वाचताना माझ्यामुळे दिवसभर बंद पडला आणि तुम्हाला साहेबांसमोर उभं राहावं लागलं, हेही कळलं. त्यांनी चिठ्ठीत विचारलंय की कार्डांवरचा लाल चिकट पदार्थ कोणता. ते कुंकू आहे. (पिवळा ती हळद. तांदूळ मी झटकले होते, पण एखादा राहिला असेल.)

झालं असं. आमच्या कोष्ट्यांच्या घरात खांडेनवमीला मागाची पूजा होते. बाबा गेल्यावर उमरेडचा माग आम्ही विकला आणि आईला इथे आणलं. यंदा नवमीला ती सकाळपासून पुजायला हत्यार शोधत होती. माझा पेन तिला पटला नाही. मी कॉलेजात मुलांना सरासरी शिकवत होतो, तेवढ्यात तिने पलंगाखालची कार्डांची खोकी ओढली. विणकरामागे एक कार्ड: वय, माग, कमाई, डोळ्यांची नजर. दोन वर्षं दारोदार हिंडून आपण जमवलेली माहिती तिने पाटावर मांडली आणि ओल्या कुंकवाची बोटं ओढली. घरी येऊन मी डोक्याला हात लावला, तर म्हणते, "माग गेला गा. आता तुह्यं हत्यार हेच ना? मंग याले कुंकू काहून नाही लावाचं?" मी कार्डं रुमालाने पुसली आणि पाठवून दिली. वाटलं, एवढ्या मोठ्या यंत्राला चिमूटभर कुंकवाचं काय.

आता कॉम्प्युटरवरची पुढची पाळी होळीनंतर, म्हणता. माझ्या प्रबंधाची मुदत त्याआधीच संपते. तुमचं नाव मात्र लेखावर राहू द्या. (लेख झाला तर.)

तुमचा,
जागेश्वर

ता. क. डॉक्टरांनी आईची औषधं बंद केली. म्हणाले, आवडेल ते खाऊ घाला. ती रोज एकच विचारते, "मशीन चाललं का गा?" तेव्हा एक विनंती. तिच्या नावाने चार ओळी लिहा. यंत्र चाललं, पूजा पावली, असं. तुमच्यासारख्या सरळ माणसाला खोटं लिहायला सांगतोय, पण होळीपर्यंत ती थांबेल असं दिसत नाही.

ता. क. २. तिला वाचता येत नाही, वाचून मीच दाखवणार. मग कुठलाही कागद चालला असता, असं तुम्ही म्हणाल. काल विजेचं बिल हातात धरून तेही करून पाहिलं. दुसऱ्याच वाक्याला मी भिंतीकडे वळलो, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "राहू दे गा, बिल लई आलं का?"