खोडलेल्याचा वळ

३ मार्च
आले एकदाची नव्या घरी! दोनच खोल्या, पण खिडकीशी ऊन असं ऐसपैस पसरतं की मलाच सरकून बसावं लागतं. फोटोंचे सहा जाडजूड अल्बम इथे कुठे मावणार? म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून जुना, दुरुस्त केलेला लॅपटॉप आणला. दुकानदार म्हणाला, मावशी, आधीच्या बाई वारल्या म्हणून घरच्यांनी विकला. आतलं सगळं पाटीसारखं पुसून दिलंय. मला शाळेतल्या सिस्टर आठवल्या. त्या म्हणायच्या, मुलींनो, दाबून लिहू नका, खोडलं तरी वळ राहतो.

९ मार्च
दुकानदाराने सगळे फोटो लॅपटॉपमध्ये उतरवून दिले. लेकीलाही पाठवले. कागदी फोटोंना कसर लागली होती. अल्बम रद्दीत दिले. जीव तुटला. मग यांचा बागेतल्या बाकावरचा फोटो मोठा करून पाहिला. डाव्या भुवईत व्रण, पुढच्या दातांत फट, हसू काही आवरत नाही. हे जाऊन चार वर्षं झाली, पण चेहरा असा समोर असला की घर भरल्यासारखं वाटतं.

१४ मार्च
बाकामागे निळा पडदा दिसतोय. बागेत पडदा कुठला? लेकीला फोन केला तर हसत सुटली. म्हणाली, आई, चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा.

१७ मार्च
फोटोत यांना मिशी आहे. दाट, खाली वळलेली. यांना तर आयुष्यभर मिशीचा तिटकारा! लॅपटॉप घेऊन तडक दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, मावशी, फोटो कधी बदलतो का? मग स्क्रीनवर वाकून फोटो नीट पाहिला. शेवटी हळूच म्हणाला, पुसण्याआधी पाहिलं होतं यांना. हे त्या बाईंचे मिस्टर.
पैसे परत देतो म्हणाला. पण माझे हे कुठून परत देणार?

१९ मार्च
लेकीकडच्या फोटोतही मिशी. मी म्हटलं, बाबांना मिशी नव्हती गं. ती चिडलीच. म्हणाली, लहानपणी त्याच मिशीला लोंबकळायचे मी, आणि तूच ओरडायचीस!
मी कधी ओरडले?

२० मार्च
लॅपटॉप कचऱ्यात टाकला. उपयोग नाही. डोळे मिटले तरी तोच —
इथे लिहून ठेवते. दाबून, वळ उठेल असं. भुवईत व्रण. उजव्या — की — दातांत फट. नाव —

२१ मार्च
कालचं वाचलं. कुणाच्या भुवईत?

२२ मार्च
दार वाजतंय. लेक आज येणार नाहीये. बाहेर कुणीतरी खाकरलं. मग हाक — भलत्याच नावाची. ओ मात्र मीच दिली.
उघडायचं नाही, हे कळतंय. पण पाय आपणहून उठले, हाताने केस सारखे केले — किती दिवसांनी आले हे, आणि खिडकीला निळा पडदा अजून —