हंसाच्या पेटीतली नारिंगी साडी

मी, श्रीमती गिरिजा गुणवंत शिगवण, राहणार नवघर, भाईंदर पूर्व, पूर्वीचा व्यवसाय घरातून साड्या विकणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे कंबरेचे हाड मोडले आहे, डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसे सांगितले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. लाज आहे, ती पुढे येईलच.

१. राहती जागा मुलगा रोहित आणि सून संजना यांना निम्मी-निम्मी. संजनाचे नाव मुद्दाम लिहिते आहे. माझ्या माहेरी माझी साडीचोळीवर बोळवण झाली. माझ्या घरात तसे कोणा बाईचे होऊ नये.

२. बँकेतली ठेव नात आरोहीच्या शिक्षणाला. फॉल-पिकोचे मशीन संजनाला. तेल घालत जा, नाहीतर ते दोरा तोडते.

३. कपाटातल्या देण्याघेण्याच्या साड्या. सगळ्या पॉलिस्टर. ज्या कापडावर माझे घर चालले त्याची मी निंदा करणार नाही. ते चुरगळत नाही, आटत नाही, रंग सोडत नाही, त्याला कसर लागत नाही, आणि रात्री धुतले की सकाळी नेसायला तयार. घाम मात्र शोषत नाही आणि विस्तवाला टिकत नाही. वितळून अंगाला चिकटते. गिऱ्हाइकाला मी सांगायचे, ऑफिसला नेस, गॅसजवळ नको. या साड्यांचे पडदे करा, उशांचे अभ्रे करा, गॅलरीत कपडे वाळत घालायला दोऱ्या वळा. फक्त कोणाच्या ओटीत घालून पुढे ढकलू नका.

४. भाऊ लवू, राहणार संगमेश्वर. याने वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडीवर माझी सही घेतली आणि त्याच भाऊबीजेला ओवाळणीत नारिंगी साडी घातली. "शुद्ध रेशीम आहे, अक्का," म्हणाला. तो गेल्यावर मी पदराचा एक दोरा काढून काडी लावली. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत राख होते. हा दोरा आक्रसला आणि त्याचा काळा टणक मणी झाला. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. लवूला माझ्याकडून काही नाही. मातीला आला तर चहा विचारावा.

५. हंसा. ही पालीच्या कोळीवाड्यातून मासळी घेऊन आमच्या इमारतीत येते. ती नारिंगी साडी मला डोळ्यांसमोर नको होती, म्हणून मी ती हिला दिली. तेवढ्यावर थांबले असते तर चालले असते. पण मी म्हणाले, "भावाने दिली, शुद्ध रेशीम आहे." लवूने मला जे केले तेच मी तिला केले आणि वर मोठेपणा मिळवला.

हाड मोडल्यापासून संजना कामावर गेली की हंसा पाटी रिकामी करून माझ्याकडे येते. मला पुसते, कपडे बदलते. एक पैसा घेत नाही. आमच्यात बाई गेली की शेवटची साडी माहेराहून येते. परवा मी सहज बोलून गेले, मला कोण आणणार?

हंसा म्हणाली, "मी हाय ना. तुजे भावाची रेशमी साडी मी आजून नेसले न्हाय. मासलीचा हात लागल म्हनून पेटीन ठेवलीया. म्हायेरचीच हाय ती. मीच घालीन तुज्यावर."

"अगं, राहू दे ती."

"का गो? रेशीम हाय ना?"

मी "हो" म्हणाले. ती तेव्हा माझ्या पायांना तेल लावत होती. लाजेने भिंतीकडे तोंड फिरवावेसे वाटले, पण मला कूसही तिच्याशिवाय वळता येत नाही.

६. आता काय होईल ते मला दिसते आहे. मला बघायला इमारतीतल्या बायका येतील. सगळ्या माझ्या गिऱ्हाईक. पदर चिमटीत धरून कापड ओळखायला त्यांना मीच शिकवले. हंसा ती साडी रेशीम म्हणून माझ्यावर घालील, त्या पदर चिमटीत धरतील आणि एकमेकींकडे बघतील. हसू हंसाचे होईल.

म्हणून रोहितने हे मृत्युपत्र दिवसकार्यानंतर नव्हे, तर मला उचलण्याआधी उघडावे आणि पाचवे कलम सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. लवू आला असेल तर त्याच्याही देखत. त्यानंतर हंसाची इच्छा असेल तर तिने ती साडी माझ्यावर घालावी. नसेल तर मला तसेच न्यावे. तिला कोणी आग्रह करू नये.

७. माझा लग्नाचा शालू हंसाला. हा खरा रेशमी आहे. तिने तो पेटीत ठेवू नये, नेसावा, मासळीचा हात लागला तरी चालेल. पण माझ्या शब्दावर जाऊ नये. आधी पदराचा दोरा काढून काडी लावून बघावी.

हंसाला साक्षीदार म्हणून अंगठा द्यायचा होता. ज्याला मिळायचे त्याची साक्ष चालत नाही, असे सांगून मी तिला बोंबील साफ करायला आत पाठवले. सगळे सांगतातही तसेच. पण तिच्यासमोर हे वाचायची वेळ आली नाही, म्हणून मला बरे वाटले. त्याचीही लाज वाटते.

वरील मजकूर माझा आहे. तो वाचून सही करते.

गिरिजा गुणवंत शिगवण

आमच्यासमोर सही केली, आम्ही तिच्यासमोर केली:
१. सुगंधा मोहिते, शेजारी
२. डॉ. अथर्व लोटणकर

नवघर, भाईंदर पूर्व
१९ जानेवारी २०२५