रामरायाचा बिनदोरीचा पाळणा

२ एप्रिल १९६२, सोमवार
मुंबईहून धाकट्या भावाचं, चिमणचं, पार्सल आलं. जुन्या रेडिओच्या भोंग्यातली लोहचुंबकं, नग दोन, साडेतीन रुपये. टपालखर्च एक रुपया दहा नवे पैसे. पार्सलाची सुतळी फुकट, गुंडाळून ठेवली. सगळे पैसे माझ्या वालपापडीच्या विक्रीचे. घरखर्चाला हात लावलेला नाही.

कारण लिहून ठेवते. रामनवमीला देवळात पाळण्याची दोरी अकरा वर्षं माझ्या हातात होती. यंदा माझी चुलत जाऊ अंबूबाई हिने पाळण्याला मखमलीची गादी दिली, तर पुजारी रामनाथकाका म्हणाले की यंदा दोरी तिच्याकडे. मला वाईट वगैरे वाटलेलं नाही. मी वेगळाच विचार केला. देवाला दोरी लागतेच कशाला? यंदा पाळणा आपोआप हलेल. दोरीच नाही, मग मान कुणाचा? मॅट्रिकला सायन्समध्ये एकसष्ट मार्क मिळवले ते काय भाकऱ्या थापायला?

३ एप्रिल, दुपारी
सारखी तोंडं समोरासमोर आणली की दोन्ही चुंबकं एकमेकांना ढकलतात. हाताने दाबून धरली तरी निसटतात. म्हणजे एक खांबाला, एक पाळण्याच्या कडेला. खांब ढकलणार, पाळणा जाणार, परत येणार, खांब पुन्हा ढकलणार. जन्मभर. यांना समजावून सांगितलं. पेपरातून मान वर न करता 'बरं' म्हणाले.

४ एप्रिल
माळ्यावरचा जुना पाळणा काढून ट्रायल. पाळणा लांब ढकलला गेला आणि तिथेच थांबला. एका अंगाला कलून, रुसल्यासारखा. अर्धं काम झालं म्हणायचं. जातो हे सिद्ध झालं. आता फक्त यायला हवा.

६ एप्रिल
काल पाडवा, म्हणून सुट्टी. आज दोन चुंबकांच्या मध्ये एकेक वस्तू धरून पाहिली. लाकडी पाट, तांब्याचं ताम्हन, पितळी परात, यांचा पेपर. ढम्म फरक नाही. शेवटी तलासरीच्या बाजारातला लोखंडी तवा धरला. ढकलणं बंद! वर पाळणा आपण होऊन आला आणि ठण्णकन तव्याला चिकटला. पलीकडून खांबाचं चुंबकही चिकटलेलं. एकमेकांचं तोंड न बघणारी दोघं, तवा मध्ये येताच दोन्हीकडून त्यालाच धरून बसली. तवा उपसून काढला तर पाळणा उसळून लांब.
तवा आत, पाळणा जवळ. तवा बाहेर, पाळणा लांब. याला झोके नाही तर काय म्हणतात?
संध्याकाळी भात केला. तवा एक्सपेरिमेंटमध्ये आहे.

८ एप्रिल
यांनी विचारलं, तवा आतबाहेर कोण करणार? बारीक गोष्ट आहे. तवा पाळण्यालाच बांधला की पाळणा जाताना त्याला घेऊन जाईल. बांधला. पाळणा, तवा आणि खांब तिघंही एकमेकांना धरून उभे राहिले. जेवणं उरकून येऊन पाहिलं, तरी उभे. हे म्हणाले, कोसबाडच्या शाळेतल्या मास्तरांना विचार. मी कुणालाही विचारणार नाही. अंबूबाईच्या कानावर जाईल.

१० एप्रिल
देवळात जाहीर करून टाकलं. यश नक्की असताना लपवायचं काय? रामनाथकाका म्हणाले, तवा गाभाऱ्याजवळ नको, बोंबील भाजले असतील त्यावर. मी देवाच्या पायांची शपथ घेतली की बोंबलांचा तवा वेगळा, हा भाकरीचा. तरी राख आणि चिंच लावून तीनदा घासला, गोमूत्र शिंपडलं. अंबूबाई चारचौघींत म्हणाली, वहिनींचा राम यंदा तव्यावर जन्मणार. सगळ्या हसल्या. हसू देत. रामनवमीच्या दिवशी तोंडं बघेन एकेकीची.

१२ एप्रिल
वेळ थोडा म्हणून तात्पुरती व्यवस्था. तव्याच्या दांड्याला भोक आहे, त्यात चिमणच्या पार्सलाची सुतळी बांधून वरच्या तुळईवरून घेतली. ओढली की तवा वर, सोडली की आपल्या वजनाने मध्ये. ओढायला विहिरीतून भरली घागर काढण्याइतका जोर लागतो. मी पडद्यामागे बसेन.
हिला दोरी म्हणता येणार नाही. दोरी पाळण्याला असते. ही तव्याला आहे.

१३ एप्रिल, रामनवमी, सायंकाळी
बाराच्या ठोक्याला गुलाल उडाला आणि पाळणा हलला. आपोआप. बायका पाळणा गायला लागल्या. पडद्याच्या फटीतून अंबूबाई दिसत होती, मोकळे हात मांडीवर. मी जिंकले. फट तेवढीच होती, राम काही दिसत नव्हता. अकरा वर्षांत असं पहिल्यांदाच.

तिसऱ्या कडव्याला तळहात सोलले. चौथ्याला तवा निघेना. बाहेर बायका तेच कडवं पुन्हा पुन्हा गायला लागल्या. पडदा सरकवून अंबूबाई आत आली. तिने तव्याकडे पाहिलं, सुतळीकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"वहिनी, ही दोरी नाही तर काय?"

"तव्याची आहे," मी म्हटलं.

"सरका जरा."

माझ्या हातांमागे तिने हात घातले. तवा निघाला. उरलेली पाच कडवी दोघींनी मिळून ओढली. तिच्या येण्याने पडद्याची फट रुंदावली होती; समोर पाळण्यापाशी कुणीच नव्हतं, मखमलीवर राम एकटा झुलत होता. लोकांना काही कळलं नाही. रामनाथकाकांना कळलं असावं, कारण सुंठवडा त्यांनी पडद्यामागे आणून दिला. दोन द्रोण.

१४ एप्रिल
प्रयोग यशस्वी, अशी नोंद करते. चिमणला पत्र टाकलं, त्याची नक्कल:
'चि. चिमण यास अनेक आशीर्वाद. चुंबकं उत्तम निघाली. पाळणा आपोआप हलला, दोरी लागली नाही. पुढच्या वर्षासाठी एक किरकोळ सुधारणा आहे. सुतळी हाताला फार काचते. तरी मऊ रेशमी दोरी, दोघींच्या हातांना पुरेल एवढी लांब, काय भावाने मिळते ते परतटपाली कळव.'